त्या दुपारी तुम्हाला भेटायला कोण आलं होतं?

प्रिय अहो,

लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मी रहिमतपूरला माहेरी गेले की दोन दिवसांत तुम्ही तिथल्या स्टँडवर हजर! मग पत्र लिहायचं कधी? आज लिहितेय, कारण परवा रविवारी तुमची वर्षाची स्मरणभक्ती आहे आणि पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलंय. मंडळीसमोर उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं ते बोलायचं. आणि मला काय बोलावं ते कळत नाहीये.

मेलेल्यांशी बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत. कबूल. पण मी काही तुमची प्रार्थना करत नाही, नुसतं पत्र लिहितेय. त्याला बंदी असल्याचं तुम्ही कधी म्हणाला नव्हता.

सगळा घोळ त्या दुपारचा आहे. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दुपारचा.

आठवतं का तुम्हाला? मिरजेच्या दवाखान्यातला तो जनरल वॉर्ड, भेटायची वेळ, जिकडे तिकडे डबे उघडलेले. एका खाटेला एकच स्टूल. मी त्यावर बसून मोसंबं सोलत होते. तुम्ही सकाळपासून डोळे मिटून पडला होता. एकदम उघडलेत, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलंत आणि म्हणालात, "सलाम! या, या." देवळाच्या दारात करायचा तसाच सलाम, आणि आवाज कसा खणखणीत! जुना विद्यार्थी बायकोमुलांना घेऊन घरी आला की लागायचा तसा. मग मला म्हणालात, "अगं, त्यांना बसायला दे."

मी मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी उठले, स्टूल पुढे सरकवलं आणि उभी राहिले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत! पण आयुष्यभर तुमच्या पाहुण्यांना उठून जागा दिली, तेव्हा याच एकाला नाही कसं म्हणायचं?

"कोण आलंय?" मी विचारलं. तुम्ही नुसते हसलात. इतक्या वर्षांत घरी आणलेल्या प्रत्येक माणसाची ओळख तुम्ही मला करून दिलीत, अगदी विमावाल्याचीसुद्धा. मग याचीच का नाही दिलीत हो?

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे थोरले भाऊ, तासगावकडचे एक म्हातारे शेतकरी, दिवसभर जमिनीवर बसून होते. रिकामं स्टूल दिसलं तसे ते आले. "ह्ये मोकळंच हाय न्हवं, ताई?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. माणूस बसलंय."

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "आसं व्हय? बरं, बरं," म्हणाले. स्टुलासमोर त्यांच्याच चपला पडल्या होत्या, त्या उचलून बाजूला ठेवल्या आणि परत जाऊन जमिनीवर बसले. कोण, काय, एक शब्द विचारला नाही. त्या माणसाची मला अजून आठवण येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आता हीच गोष्ट दुसऱ्या कुणाची असती, तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला तोंडपाठ आहे! "देवदूत पूर्वी येत होते. आता वचन आपल्या हातात आहे, पवित्र आत्मा आपल्यात आहे. पत्र मिळाल्यावर पोस्टमन दारात उभा राहतो का?" संडे स्कूलच्या पोरांनी नाताळच्या नाटकासाठी कापसाचे पंख केले की तुम्ही ते काढायला लावायचा. अब्राहामाच्या दारी तीन पाहुणे आले ते माणसांसारखे आले, चालत आले, जेवले, त्यांना पंख होते असं कुठं लिहिलंय, दाखवा! आमच्या मंडळीच्या नाटकात दर वर्षी देवदूत बिनपंखाचे. आयाबाया कुरकुरायच्या, फोटोत मुलं देवदूत वाटतच नाहीत म्हणून. तुम्ही हटला नाहीत.

आणि कोणी गेलं की बायका म्हणायच्या, "आता ते देवदूत झाले." तुम्ही भर प्रेतयात्रेत त्यांना थांबवायचा. माणूस माणूसच राहतो, देवदूत होत नाही! मी तुमची बाही ओढायची, गप्प बसा म्हणून.

असा माणूस, आणि त्याच्याच खाटेपाशी हे घडलं. मी काय समजायचं?

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "काकू, रक्तातलं सोडियम उतरलं की असे भास होतात. त्रास करून घेऊ नका." पाळकसाहेबांनी तेच धरून ठेवलंय. परवा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सरांच्या शिकवणीबद्दल बोला, शाळेबद्दल बोला. तो वॉर्डातला विषय मात्र नको. आजारपणातलं बोलणं ते. त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीला डाग कशाला?" डाग! मला तो शब्द लागला. तुम्ही कुणाला तरी बसायला जागा दिलीत, त्याचा डाग कसा पडतो?

दुसरीकडे ते कोरेगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना घेणारे ब्रदर. तुम्ही त्यांच्या सभेत कधी पाऊल टाकलं नाहीत. तुम्ही गेल्यावर मी रडता रडता आपल्या मंडळीतल्या सुलभाला हे सगळं सांगून बसले, तिनं ब्रदरांना सांगितलं आणि आता ही गोष्ट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतेय. वॉर्डात म्हणे लख्ख उजेड पडला! पेशंट म्हणे खाटेवरून उठून उभे राहिले! वर एक चित्र लावलंय, आणि अहो, त्याला हे एवढाले पंख आहेत! बघाल तर तिथल्या तिथे काढायला लावाल.

ब्रदर घरीही येऊन गेले. वयानं लहान आहेत, नम्र आहेत, उगाच वाईट कशाला बोलू? माझ्या गुडघ्यासाठी हात ठेवून प्रार्थना केली. आणि खोटं सांगत नाही, त्या संध्याकाळी गुडघा दुखला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखायला लागला, तो भाग वेगळा.

या दोघांच्या ओढाताणीत मी एकटी असते तर काहीतरी गोड बोलून मोकळी झाले असते. पण मधे विलास आहे.

विलास, सुलभाचा नवरा. तुमच्याच संडे स्कूलचा, तुमची स्कूटर दुरुस्त करायचा तो. तुम्ही गेल्यानंतर त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी. गॅरेज बंद आहे. सुलभा भाजी विकते, त्याला मशीनवर नेते, आणि उरलेला वेळ शेडमध्ये गुडघ्यावर असते.

बुधवारी ती माझ्याकडे आली. उपास करून तोंड अगदी एवढंसं झालं होतं. म्हणाली, "काकू, सर तर मानतच नव्हतं, तरीबी त्यांच्याकडं आला. मग आमी रोज हाका मारतोय, तर आमच्याकडं का न्हाई येनार? ब्रदर म्हनत्यात, एकीकडं मशीन आन् एकीकडं विश्वास, आसं चालत न्हाई. म्या ठरिवलंय, सोमवारपासनं मशीन बंद. रविवारी तुमी उभ्या राहून सांगा फकस्त. तुमच्या तोंडनं ऐकलं की माझं मन घट्ट हुईल."

मी म्हटलं, "अगं वेडी, मशीन बंद केलं तर तो राहील का?" तर म्हणाली, "मग सरांकडं कोनच आलं न्हवतं म्हना की!"

आता बोला! आलं होतं म्हणू, तर तिचा नवरा जातो. नव्हतं म्हणू, तर तुम्हाला भ्रम झाला होता असं भर देवळात सांगितल्यासारखं होतं. आणि माझं मन तर दोन्हीकडे जातं. देवदूत अजून येत असतील तर विलासकडे का येत नाहीत? त्याच्यासाठी किती प्रार्थना झाल्या, आपण तर वॉर्डात नीट प्रार्थनाही केली नव्हती. आणि येत नसतील, तर तुम्ही सलाम कुणाला केलात? तुम्ही शास्त्र इतकं वाचलंत, मला याचं उत्तर का नाही सांगून गेलात?

काल संध्याकाळी मी विलासकडे गेले. सुलभा शेडमध्ये गेली होती. तो मशीनवरून येऊन बाहेरच्या खोलीत पडला होता, अगदी गळून गेलेला. मला बघून उठायला लागला, मी खांदा दाबून झोपवलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "काकू, खरं सांगा. सरांकडं आलतं का कोन?"

"मला दिसलं नाही रे. पण सर बोलत होते कुणाशी तरी."

"त्यानं काय इचारलं सरांना?"

"ते मला ऐकू आलं नाही. सरांचं उत्तर तेवढं ऐकलं."

"काय म्हनलं सर?"

अहो, हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना नाही, पाळकांना नाही, रडताना सुलभालाही नाही. तुम्ही बराच वेळ त्या स्टुलाकडे बघत ऐकत होता, आणि मग मान हलवून म्हणालात, "चालेल." एवढंच. दुकानदारानं वेगळ्या रंगाचं कापड दाखवल्यावर म्हणावं तसं.

मी विलासला ते सांगितलं. तो माझ्याकडे कुशीवर वळला. मग म्हणाला, "मी न्हाई म्हनलो आसतो, काकू. मला आजून जायाचं न्हाई. पोरगी धाकटी हाय. सोमवारी मला मशीनवर न्या. पन सुलीला कसं सांगू? माझ्यापायी उपाशी राहतीया ती."

मी त्याचे पाय दाबत बसले. त्याच्याशी एवढं बोलायलासुद्धा आजवर कोणी गेलं नव्हतं. पाळक, ब्रदर, सुलभा, मी, सगळे त्याच्या डोक्यावरून भांडत होतो.

घरी आले आणि तुमचा असा राग आला! साधी कढई घ्यायची तर तुम्ही मला विचारायचा. भिंतीला रंग कोणता द्यायचा ते मला विचारायचा. आणि एवढी मोठी गोष्ट, मी हातभर अंतरावर मोसंब्याच्या फोडी घेऊन उभी असताना, मला न विचारता "चालेल" म्हणालात? जरा थांबा, हिला विचारतो, एवढं म्हणता आलं नाही? आणि तो! त्यानं तरी माझ्याकडे एकदा वळून बघायचं. मी त्याला जागा दिली होती.

बराच वेळ त्याच्यावर चिडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी एका माणसावर चिडलेय. सोडियमवर कोणी असं चिडत नाही. म्हणजे मला खात्रीच आहे, तिथं कोणीतरी होतं. वर्षभर मी ते पाळकसाहेबांच्या भीतीनं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. पण त्यामुळे बरं वाटलं असं समजू नका. उलट काल रात्रीपासून जास्तच जड वाटतंय. तो आला आणि तुम्हाला घेऊन गेला, यात मी साक्ष कसली देऊ?

तरी देणार. जे झालं तेवढं सांगणार. तुम्ही सलाम केलात, मला उठवलंत, मला कोणी दिसलं नाही, तुम्ही "चालेल" म्हणालात. उजेड पडला नाही, कोणी खाटेवरून उठलं नाही, हेही सांगणार. पाळकसाहेब रागावले तर रागावू देत. मग सुलभाकडे बघून बोलणार, की बाई गं, आमच्याकडे आला तो बरं करायला आला नव्हता, न्यायला आला होता. त्याला इतक्या घाईनं हाका मारू नकोस. त्यानं विलासला अजून विचारलेलं नाही, आणि विचारलंच तर विलासचं उत्तर मी ऐकून आले आहे.

ती ऐकेल का, मला माहीत नाही. रडेल, मला खोटारडी म्हणेल, कदाचित मधेच उठून जाईल. पण मी तुम्हाला शब्द देते. सोमवारी सकाळची रिक्षा मी सांगून ठेवली आहे. ती आधी विलासच्या दारात थांबेल. सुलभा आली तर तिघं जाऊ. नाही आली तर मी आणि विलास.

न विचारता मागे ठेवलेली,
तुमचीच
सरोज