गुडघ्यांच्या घट्ट्यांवर मिळालेली खोली

तीर्थरूप मामांना, गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच, पण मनापासून साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? मामींचा राग कसा आहे? (दोन्ही एकदमच उठतात, असं आई म्हणाली.) मी खुशाल आहे, म्हणजे जिवंत आहे आणि कामाला जातो. फोन सोडून कागदावर का लिहितोय, असं वाटेल. तुमचा फोन मामी स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतात आणि माझं दुःख सगळ्या गल्लीला ऐकू जातं. हे दुःख गल्लीत वाटण्यासारखं नाही.

निघताना तुम्ही बजावलं होतं, परमुलखात आपल्याच माणसांत राहा, भलत्यासलत्यांत मिसळू नको. मामा, मी आधी तेच केलं. आपली भाषा बोलणारा एक घरमालक हुडकून काढला. त्याने चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. गाव सांगून झाल्यावर म्हणाला, "हो, पण तसे तुम्ही कुठले?" मी खरं ते सांगितलं, आणि कपातला चहा संपायच्या आत खोली दुसऱ्याला दिलेली निघाली. परक्यांनी निदान चहाचा खर्च तरी केला नाही. एकाला माझ्या फोडणीच्या वासाची धास्ती (मी अजून पातेलंही विकत घेतलं नव्हतं). एका बाईने दाराची साखळी न काढता फटीतूनच सुनावलं की तुम्ही लोक एका खोलीत दहा-दहा जण झोपता. आता बाई, नऊ खोल्यांनी नाही म्हटल्यावर दहावीत गर्दी होणार नाही तर काय होणार?

तोवर मुक्काम कामावरच्या गोदामात, सिमेंटच्या पोत्यांवर. शेजारच्या पोत्यांवर माझा जोडीदार. त्याला सगळे लांबू म्हणतात. देश वेगळा, धर्म वेगळा, रंगाने माझ्याहून दोन हात पुढे आणि उंची अशी की दाराच्या प्रत्येक चौकटीशी त्याचं जुनं वैर. मी फरशी बसवतो, तो सांधे भरतो. माणूस देवभोळा, वेळ झाली की हात धुऊन कोपऱ्यात प्रार्थनेला बसतो. पण धुळीने त्याला असा खोकला धरलाय की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखतात. डॉक्टर म्हणाला, या धुळीत झोपू नका. कुठे झोपायचं, ते त्याच्या औषधात नव्हतं.

अशात मला एक खोली बघायला बोलावलं. मालकीण म्हातारी, लांबूच्याच धर्माची. स्वतः नवरी म्हणून बोटीतून या देशात आलेली, पण आता म्हणते की बाहेरच्यांनी येऊन देशाची वाट लावली. ती किल्ल्या आणायला आत गेली आणि माझी नजर जमिनीवर पडली. मामा, काय सांगू! असली फरशी मी शत्रूच्या घरातही बसवली नसती. एक कोपरा वर, दुसरा खाली, मधली टाइल पोकळ. तुम्हाला माहीत आहे, पाणसळ जवळ नसली की आम्ही गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ जमिनीला लावून एका डोळ्याने पातळी बघतो. मी तसाच वाकलो, पुन्हा उठलो, पुन्हा वाकलो, आणि ती फरशी बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा तोंडातल्या तोंडात उद्धार करत होतो. मागे वळून बघतो तर म्हातारी दारात, डोळ्यांत पाणी. तिने माझ्या गुडघ्यांवरचे घट्टे पाहिले (कामावरची अर्धी चड्डी तशीच अंगावर होती, चुकलंच) आणि म्हणाली, "एवढ्या लहान वयात एवढी भक्ती!"

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण तिने त्या उघड्या तोंडासमोर किल्ली धरली. बाहेर गारठा असा होता की खरं बोलायला दात जागेवर राहत नव्हते.

तेव्हापासून माझे हाल कुत्रा खात नाही. पहाटे म्हातारी काठीने दार वाजवते, प्रार्थनेची वेळ झाली म्हणून. घरी आईने देवाला हात जोड म्हटलं तर मी संडासात जाऊन बसायचो, तो मी आता परक्या देवासाठी कोंबड्याच्या आधी उठतो! शेजारणी पोरं घेऊन येतात, डोक्यावर हात ठेवा म्हणतात. परवा एकीने सुनेशी पटत नाही म्हणून सल्ला विचारला. मी म्हटलं, सांध्यात थोडी जागा ठेवा, दोन टाइल घट्ट भिडवल्या की एक फुटतेच. ती रडली हो! आता दुसऱ्या गल्लीतूनही येतात.

प्रार्थना लांबूनेच शिकवली, जेवणाच्या सुट्टीत. मला वाटलं चिडेल. तो खोकत खोकत हसला. म्हणाला, "बघ गड्या, माझा देव तुझ्या नावावर खोलीत राहायला गेला, आणि मी इथे पोत्यावर."

हे मात्र मला लागलं. म्हातारीकडे जिन्याजवळची एक खोली रिकामीच होती. लांबूला अंघोळ घालून, माझा धुतलेला सदरा चढवून (बाह्या कोपरापर्यंतच आल्या) घेऊन गेलो. म्हटलं, याला कोण नाही म्हणणार, हा तर अस्सल माल. म्हातारीने दाराच्या भोकातून पाहिलं आणि आतूनच ओरडली की त्या खोलीत ओल आहे. मग मला एकट्याला आत घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "प्रार्थना करतात रे ही माणसं, पण आपल्यासारखी नाही."

आपल्यासारखी! मी आपला, आणि तो परका! मामा, जमिनीवर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं, पण तिने त्यालाही भक्तीच म्हटलं असतं. घरी मला तुम्ही सांगता आपल्यांत राहा, आपले सांगतात खोली दिली गेली, परके सांगतात तू आमचा, आणि जो खरोखर त्यांचा तो दाराबाहेर खोकत उभा. या जगाची फरशी कोणी बसवली, तो एकदा भेटायला हवा.

असो. माझी काळजी करू नका. सहज आठवण आली म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. थोरांस नमस्कार, धाकट्यांना माझ्या वाटची चापट.

तुमचा लाडका (मामी ऐकत नसताना) भाचा

ता. क. एक कारण आहे. त्या दिवशी रागाच्या भरात मी म्हातारीला म्हणालो, "हा कोणी ऐरागैरा नाही, माझ्या मामांचा शिष्य आहे." तिने विचारलं, मामा कोण? जिभेला हाड नसतं हो. आता तुम्ही आपल्या मुलखातले मोठे धर्मगुरू आहात. तुमच्या शब्दाखातर तिने लांबूला तूर्त जिन्याजवळच्या खोलीत घेतलंय. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती व्हिडिओ कॉल करून तुमच्याकडून खात्री करून घेणार. तुम्ही नाही म्हणालात तर लांबू परत धुळीत, आणि त्याच्या शेजारी मी.

दुसरा ता. क. दाढी वाढवायला आजपासून लागा. बोलायचं काही नाही, डोळे मिटून मान हलवायची (तुम्ही मामींसमोर हलवता तशीच). तंबाखू मात्र थुंकून या. आईला यातलं काही कळता कामा नये.

तिसरा ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात म्हातारी येऊन टेकली. विचारत होती, तुझे मामा एवढे मोठे, मग कोणाला जवळ करताना ते काय बघतात? मी म्हटलं, फक्त माणूस बघतात. धर्मगुरू वगैरे थापा माझ्या मी निस्तरीन मामा, एवढी एक थाप तुम्ही सांभाळा.