गाडीला अर्थिंग मिळेना

धारगळ, चैत्र

चि. रघुनाथ यास,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, तुमच्या पूजाची परीक्षा आणि कारापूरच्या कुळागरातल्या पोफळींवरची माकडे या तिन्ही आघाड्यांवर कुशल असेल असे धरून चालतो. (फोन न करता लिहितो, कारण फोनवर तू माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोचूच देत नाहीस.) इकडे मी ठीक. गाडी ठीक नव्हती.

तुझ्या बहिणीची ही विजेवरची गाडी विकायची म्हणून मीच तुला गिऱ्हाईक बघायला सांगितले आणि तू ते वाळपईहून शोधलेसही. रविवारी ते येणार. पण दाखवायचे काय? श्रावणात रुक्मिणी गेली तेव्हापासून गाडी अंगणात उभी. मी मात्र रोज तिन्हीसांजेला तिची वायर भिंतीच्या प्लगाला लावत आलो. बॅटरी रिकामी राहिली की बिघडते म्हणतात. (शिवाय त्या वेळी "गाडी लावली?" असे आतून विचारले जायचे. आता कोणी विचारत नाही म्हणून उत्तर देणे थांबवावे, इतका मी तर्कनिष्ठ नाही.) दिवाळीनंतरही बरेच दिवस सुरळीत होते. माघात एकदा चार्जरवर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला आणि लालच राहिला.

पुस्तिका काढली. सूत्रे मी आयुष्यभर शिकवली, पण इतका निष्ठुर सूत्रकार पाहिला नाही. लाल दिव्याविषयी तो एवढेच म्हणतो, की सेवा केंद्राशी संपर्क साधावा. भाष्य नाही, टीका नाही. केंद्राला फोन केला, तर तिथल्या मुलीने गाडीचे वय ऐकून असा उसासा सोडला की मलाच तिचे सांत्वन करावे लागले. वायर बदलली, प्लग बदलला, दिवा बदलेना. शेवटी न्यायशास्त्राला शरण जाऊन अन्वय-व्यतिरेक पाहायचे ठरवले. म्हणजे शेजारच्या महादेवाने आणि मी गाडी ढकलत त्याच्या ओसरीपर्यंत नेली आणि त्याच्या प्लगाला लावली. हिरवा. ढकलत परत आणली, आमच्या प्लगाला लावली. लाल. दोष गाडीत नाही, घरात आहे, हे सिद्ध झाले. कंबर मात्र बाद झाली.

मग इलेक्ट्रिशियन सर्वेश मीटर घेऊन आला. "मास्तरानू, गाडीक अर्थिंग मेळना," म्हणाला. वीज आहे, पण घराची जमिनीशी असलेली गाठ सुटली आहे, आणि अशा घरातली वीज ही गाडी घेत नाही. जमिनीत पुरलेली अर्थिंगची जुनी सळी गंजली असणार, सोमवारी येऊन मागच्या बाजूला नवीन खड्डा मारतो, असा निकाल देऊन तो चहा पिऊन गेला.

सोमवार म्हणजे गिऱ्हाईक येऊन गेल्यावर. निदान अंगण तरी साफ करावे म्हटले. महादेवाची बायको गंगा कधीपासून टोचत होती, की वाळकी तुळस दारात ठेवू नये. तुला ठाऊक आहे, यंदा आमच्याकडे सण नव्हते, तुळशीचे लग्नही लावले नाही. मरणाच्या वर्षात काय काय करायचे नाही ते मला तोंडपाठ. तुळशीला पाणी घालायचे नाही असे त्यात कुठेच नाही, पण ते मी आपले त्यातच धरले होते. तर परवा सकाळी ती काडी उपटायला गेलो. माती दगडासारखी. भिजावी म्हणून कळशीभर पाणी वृंदावनात ओतले, ते पायथ्यापर्यंत कुठे गेले कळलेच नाही. दुसरी कळशी ओतली. काडी हलकेच हातात आली आणि पाठीमागे, रात्री लावून ठेवलेल्या गाडीत खट् झाले. वळून बघतो तर हिरवा.

मी तसाच पायरीवर बसलो. गाडी आणली तेव्हा त्या वेळच्या इलेक्ट्रिशियनने, अर्थिंगची सळी कुठे पुरू, माती कायम ओली हवी, असे मला विचारले होते. मी ईशान्य बरी की आग्नेय याचा विचार करत होतो, तेवढ्यात तुझी बहीण ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. वृंदावनाच्या पायथ्याशी बोट दाखवून म्हणाली, "हंय पूर रे. हंयचा पाणी कधी चुकाचा नाय."

पुस्तिकेत हे दिलेले नाही.

असो. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आणि माकडांना जे योग्य वाटेल ते.

तुझा भावजी,
गोकुळदास

ता. क. वाळपईच्या गिऱ्हाईकाला कळव की गाडी अजून चार्ज होत नाही. खोटे बोलायला मला संकोच वाटतो, तुला सवय आहे.

आणखी एक. तुमच्या अंगणातल्या तुळशीचे एक रोप हवे. पहिलेही ती तिथूनच घेऊन आली होती. गाडी आता भरली आहे, कारापूर गाठेल. पण मला ती चालवता येत नाही, हे तुला सांगायला नको. तेव्हा रविवारी तू बसने ये, आपण दोघे गाडीने जाऊ. म्हातारी बॅटरी एका दमात परत यायची नाही, तुझ्याकडे रात्रभर लावून ठेवावी लागेल, म्हणजे माझा मुक्काम आला. त्याला माझा इलाज नाही.

शेवटचे. वृंदावन सध्या रिकामे आहे. तरी रोज सकाळी कळशी ओततो. काल गंगेने विचारले, रिकाम्या वृंदावनात पाणी कोणाला? अर्थिंगला, म्हटले.