मयत बन्सीलाल हा स्वतःच्या वावरात मेला, अशी नोंद मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
उपग्रह-अवतरण चाचणी पथक (लष्करी विमाने),
तात्पुरता तळ, मौजे थोरपिंप्री, ता. यावल, जि. जळगाव.

अर्जदार : जीवराम उखर्डू फेगडे, धंदा शेती (केळी), राहणार सदर.

विषय : माझा धाकटा भाऊ बन्सीलाल धावपट्टीवर मेला ही नोंद खोटी असून ती दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ज्यात मयतास 'विनापरवाना घुसलेला इसम' म्हटले आहे.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, गेल्या साली, म्हणजे १९९६ च्या उन्हाळ्यात, आपल्या पथकाने धावपट्टीजवळ आमच्या बांधालगत चुना लावलेला दगड पुरला. त्याच्या डोक्यावर पितळी खिळा होता. त्या वेळच्या साहेबांनी आम्हांस बसवून समजावले की, उपग्रहाला जमिनीवरची एक पक्की खूण लागते. तिच्यावर तिपाई मांडून यंत्र लावले की विमान न बघता जागेवर उतरते. समजावून ते गेले आणि वर्षभर कोणी फिरकले नाही.

२. त्या साली गावात गोवर आला. बन्सीलालचा पोरगा तापाने फणफणला तेव्हा आमची आई धुरपदाबाई हिने त्या दगडावर पाणी घातले. पोरगा उठला. आईने दगडाला शेंदूर लावला, गावाने नारळ फोडले. शेंदूर लागला की दगडाचे दगडपण संपते, हे आपणांसही ठाऊक असेल. पुढे फाल्गुनात ऊन तापू लागले तेव्हा आई म्हणाली, "देवीले असं उन्हात ठेवता का रे? तिले निंबाखाली न्या." म्हणून वाजतगाजत देवी दक्षिणेस आमच्या बागेतल्या निंबाखाली नेली.

३. यंदा पथक आले, पण साहेब नवे. त्यांनी निंबाखाली शेंदूर पुसला, पितळी खिळा सापडला म्हणून खूश झाले आणि तिपाई तिथेच मांडली. यंत्रात आकडे मात्र जुन्याच जागेचे भरले. दगडाला पाय नसतात, ही त्यांची खात्री.

४. चाचणीच्या दिवशी वैमानिकाच्या काचेवर मुद्दाम पडदा ओढला होता, कारण आंधळेपणाने उतरणे हीच परीक्षा होती. विमान देवीच्या मागे आले. ती जेवढी सरकली तेवढेच, त्याच अंगाला. बन्सीलाल केळीचे घड कापत होता. पंख्याने खोडे कापली तसाच माझा भाऊ कापला. कमरेवरचा भाग एका सरीत, पाय पलीकडच्या सरीत. गाडीचा एक बैल जागीच मेला. दुसरा पोट फाटून, आतडी ओढत विहिरीपर्यंत चालत गेला. त्याच्या मानेवर विळा मीच चालवला. घड वाहायच्या पाटीत मी भाऊ गोळा केला. त्याच्या सदऱ्यावरचे रक्त आईने धुतले तेव्हा गेले; केळीच्या चिकाचा डाग गेला नाही. धावपट्टीवर केळीचा चीक कोठून आला, याचा खुलासा व्हावा.

५. त्यानंतर गावाने वैमानिकास ओढून काढून मारले. मीही मारले, नाही म्हणत नाही. त्याचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो रडत एवढेच म्हणत होता, "मशीन में तो पट्टी ही थी।" मग आपले जवान आले आणि बंदुकीच्या दस्त्यांनी आम्हांस झोडपले. आई लेकाच्या पाटीवर पालथी पडली होती. तिचा जबडा तिथेच फुटला.

६. इतके होऊन आपला अहवाल सांगतो की, उपग्रहाच्या नोंदीप्रमाणे विमान धावपट्टीच्या मधल्या रेघेवरच उतरले, सबब चाचणी यशस्वी. विमान पट्टीवर, म्हणजे त्याखाली सापडलेला इसमही पट्टीवर, म्हणजे तो घुसखोर. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकले होते; इथे संन्याशाचे दोन तुकडे करून वर त्याच्यावरच गुन्हा. साहेब, माझा भाऊ घुसखोर नव्हता. बापाने खणलेल्या विहिरीच्या पाण्यावर पोसलेल्या स्वतःच्या वावरात तो मेला. मला दुसरे काही नको. एवढी एक ओळ लिहून द्या.

७. यापूर्वीचे माझे अर्ज 'वाचून दप्तरी दाखल' असा शिक्का बसून परत आले. त्यांची पाकिटे फोडलेली नव्हती. सबब, जे पहिल्या कलमात लिहायचे ते शेवटी लिहीत आहे.

८. मंगळवारी पुन्हा चाचणी आहे असे कळते. त्यासाठी पुन्हा नवे साहेब येणार असल्याचेही कळते. देवी निंबाखाली नाही. फुटक्या जबड्याला फडके बांधून आईने तिच्यावरचा उरलासुरला शेंदूर स्वतःच्या नखांनी खरवडला, चुना लावला आणि गावाकडून ती धावपट्टीच्या उत्तरेस, आपल्या तंबूंलगत पक्की पुरून घेतली. आपल्या तंबूंचा राखणदार झिपरू आमच्याच गावचा. त्याने पाठ फिरवली. आईला बोलता येत नाही. तिने बोटाने आधी आकाश दाखवले, मग आपला तंबू. दगड परत आणण्यास मी गेलो होतो. लोक विळे घेऊन बसले आहेत. आणि खरे लिहायचे तर, माझाही हात उठला नाही.

९. तरी मंगळवारी आपण तंबूत थांबू नये. थांबलात, तरी यंत्र विमान मधल्या रेघेवरच उतरल्याचे सांगेल, आणि आपलीही नोंद 'विनापरवाना घुसलेला इसम' अशीच होईल. ती दुरुस्त करून घेण्यास आपल्या भावाला अर्ज करावा लागेल. हे पाकीट फोडावे, ही विनंती.

आपला, अजून तरी नम्र,
जीवराम उखर्डू फेगडे
(सही)

मौजे थोरपिंप्री
शनिवार, दि. ३१ मे १९९७

सोबत : मयताचा सदरा, डागासह.