चप्पलवाली मेलेली

३ मार्च, सोमवार

दीर आला होता. बावीस वर्षांनी माझ्या पलंगाखालचे डबे आठवले! त्याच्या झोंबीच्या सिनेमाची रिळं. पाच डबे, गंज चढलेले. आजवर पुसले मी.

म्हणाला, "वहिनी, लोक परत बघायला लागलेत. नवी कॉपी काढतोय, एकदम स्वच्छ. तेवढा तुमचा चपलेचा प्रकार कापून टाकतो. तुमचीही लाज जाईल."

माझी लाज! तोंड वर करून बोलला.

म्हटलं, किल्ली सापडत नाही. पलंगाला कसली किल्ली! तरी गेला.

४ मार्च

डोकं अजून तापलेलंच. लिहूनच टाकते.

सिनेमाला माणसं कमी पडली म्हणून घरातल्या सगळ्यांना मेलेलं केलं. तोंडाला राख. रक्त मी शिजवलं — मैद्याची खळ, लाल रंग. चाळीस मेलेले गल्लीतून चालत येतात, त्यात माझी चप्पल निघाली. मी मागे फिरले, चप्पल घातली आणि परत मेल्यासारखी चालायला लागले. नवी चप्पल होती, टाकून जाऊ? रीळ तेवढंच उरलेलं, परत घेता आलं नाही. थेटरात लोक हसले. तीन दिवसांत सिनेमा उतरला. मी तोंड लपवून घरात, गेलेच नाही बघायला.

तेव्हापासून चार माणसं जमली की एकच — हिने सिनेमा मारला. सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला दिराची माफी मागायला लावली. हात जोडून! हे शेजारीच उभे. "जाऊ दे गं."

७ मार्च, शुक्रवार

लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालताना जोडीच्या पोरीला सांगितलं. ती किंचाळलीच — "मावशी! चप्पलवाली मेलेली तुम्ही?"

फोनवर दाखवलं. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं, चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या. मी आणि चप्पल, बस. पलीकडच्या जुन्या थेटरात दरवर्षी ही कॅसेट लावतात म्हणे. माझी वेळ आली की सगळे ओरडतात, "चप्पल घे, बाई!"

म्हटलं, "काय बघता गं त्यात? रक्त बघ ते. सरबत वाटतंय."

"मोठ्या सिनेमातल्या मेलेल्यांची भीती वाटते, मावशी. तुमच्यातले आपल्यासारखे वाटतात. मेले तरी ड्युटीवर निघालेले."

हसले. आणि तिथेच ठरलं. डबे थेटरवाल्याला द्यायचे. कात्री लागायच्या आधी सगळं दाखव म्हणायचं. दीर येणारच. त्याच्यासमोर उभी राहणार मी. माफी आता तो मागेल — हात जोडून.

९ मार्च

पोरीच्या फोनवर पूर्ण सिनेमा बघितला. एकाचा हात गळतो, तोच हात पुढच्या वेळी जागेवर! सूर्य एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पण सोडवेना.

मेलेल्यांचं मला पटतं. पळत नाहीत, भांडत नाहीत. पाडलं की उठतात. ज्याच्या दारात जायचं त्याच्याच दारात जातात.

१२ मार्च, बुधवार

कामावरून आले तर हे खाली बसून डबे पोत्यात भरत होते!

"त्याला देऊन टाकतो. कशाला जुनं उकरतेस?"

"ठेवा खाली."

"लोक हसतील तुला."

"बावीस वर्षं हसलेच की. तेव्हा कुठे होतात?"

भावाचा एवढा पुळका! बायकोचा कधी आला नाही. पोतं मीच उचललं, तसंच थेटरात नेऊन टाकलं. हात अजून भरून आलेत.

१५ मार्च, शनिवार

उद्या दुपारचा खेळ. थेटरवाल्याने रिळं पुसून लावून बघितली, चालतात म्हणाला. "बाई, कॅसेटमध्ये निम्मी माणसं कापली गेली होती. पडद्यावर सगळी दिसतील." दिसू देत.

मला बोलायला माइक देणार आहे. चादरींना इस्त्री करताना पाठ करते आहे — "हा माणूस माझा दीर. ह्याला विचारा, एका चपलेने सिनेमा मरतो का?" पोरगी म्हणते, "मावशी, आवाज खाली ठेवा, सुपरवायझर बघतोय." बघू दे मेल्याला.

यांना म्हटलं, चला. तर पोटात दुखतंय म्हणे.

१६ मार्च, रविवार

थेटर भरलेलं. सगळे ओरडले, "चप्पल घे, बाई!" मी मात्र पडद्यावर माझ्या मागे चाललेल्याकडे बघत होते.

चप्पल आपोआप निघाली नव्हती. मागच्या मेलेल्याने तिच्यावर पाय दिला. खाली बघितलं. मला बघितलं. आणि मान फिरवून पुढे गेला. तोंडाला राख असली म्हणून नवरा ओळखू येत नाही होय!

दीर शेजारीच होता. हळूच म्हणाला, "वहिनी... दादा?"

माइक घेतलाच नाही.

घरी आले. हे खिडकीशी बसलेले. "हसले का गं लोक?"

म्हटलं, "पुढच्या रविवारी परत लावणार आहेत. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या सांगून आलेय. दीर आपल्या मागेच बसणार आहे."