खुराड्याची खिटी

आये, मी हल्ली लोकांच्या कोंबड्यांवर शेरे मारते. हसू नको. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, मी डिचोलीच्या घरात जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, खुर्ची ओढून हौशी लोकांनी लिहिलेल्या कोंबडीपालनाच्या पुस्तिका वाचत बसते. फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे. काही शहरातून येऊन केरीला घरं बांधलेले, काही आपल्याच पेडण्याचे, नोकरी सांभाळून परसात चार कोंबड्या पाळणारे. जो तो सहा महिने कोंबडी पाळतो आणि लगेच इतरांना शिकवायला बसतो. ऑफिसातल्या एका जुन्या मैत्रिणीने मला त्यातली एक पुस्तिका पाठवली, "बघ गो, तुला कळतं ह्यातलं," म्हणून. त्यात लिहिलं होतं, खुराडा थेट जमिनीवर बांधावा. मी कळवलं, बाबा रे, इथला पाऊस बघितलास का? खाली चार चिरे लाव, नाहीतर आषाढात कोंबड्या पोहायला शिकतील. दुसऱ्या कोणी लिहिलं होतं, खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुचकळावं, म्हणजे तिचं अंड्यांवर बसायचं खूळ जातं. मी विचारलं, तुला ताप आला की तुलाही बुचकळायचं का? तेव्हापासून कोणी काही लिहिलं की आधी 'काकींना दाखवा' असं ठरूनच गेलंय. कटकट होते असं मी दाखवते, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटतं.

कारण ते सगळं तुझं आहे ना. अंडं उन्हात धरून आत जीव धरलाय का ते बघायचं, अंडी नेहमी विषम बसवायची, गडगडाटाने ती नासू नयेत म्हणून डालग्यात गंजका विळा ठेवायचा. विळ्याचं लिहिलं तेव्हा एकाने विचारलं, ह्याला शास्त्रीय आधार काय? मी म्हटलं, आधार माझी आई. इब्रामपूरच्या त्या परसात तू जे जे सांगितलंस ते मी एकदाही तपासून पाहिलं नाही. तू म्हणालीस म्हणजे झालं. पन्नास वर्षं मी असंच मानत आले, आणि आता त्याचीच चीड येते.

झालं असं की केरीच्या एका गृहस्थाने खुराड्यांवर चांगली चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. माणूस चाळिशीचा, पुण्याचा, सुताराच्या वरताण नेमका. जाळीचं भोक किती, फळी किती इंची, सगळं चित्रासकट. मला आवडली. फक्त दाराबद्दल त्याने एवढंच म्हटलं होतं, 'साधी खिटी पुरेशी.' तिथे मी अडले. मी त्याला लांबलचक अभिप्राय लिहिला. म्हटलं, खिटी एक नको, दोन हव्यात, एक वर, एक खाली, आणि संध्याकाळी बंद करणारं माणूस मोठं हवं, पोराटोरांवर ते काम सोडू नये. स्वतःचा अनुभव म्हणून आपल्या तांबड्या कोंबड्याची गोष्ट लिहिली. जन्मात पहिल्यांदा ती परक्या माणसाला सांगितली बघ.

तुला आठवतो ना तो? पिल्लू असताना पाय लुळा होता त्याचा. तू म्हणाली होतीस, "ह्यो काय जगाचो ना." मी त्याला चुलीच्या उबेला ठेवला, बोटाने कण्या भरवल्या, आणि तो जगला, एवढंच नाही, चांगला दांडगा झाला. शाळेतून आले की माझ्यामागे पायरीपर्यंत यायचा. मी बारा वर्षांची होते. खुराडा बंद करायचं काम माझं. एका सकाळी उठले तर दार सताड उघडं, पाचही कोंबड्या परसात चरताहेत आणि तांबडा नाही. तू विहिरीवरून कळशी घेऊन येत होतीस. थांबलीस, दाराकडे बघितलंस आणि म्हणालीस, "खिटी घालूक विसरलंस मगो? मुंगसान व्हेलो तो." मी रडायला लागले तशी कळशी खाली ठेवून म्हणालीस, "तुझ्या हातात कोणी जीव दिवचो न्हय, चेडवा." ओरडलीसुद्धा नाहीस. ओरडली असतीस तर मी विसरले असते.

केरीवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आधी दोन खिट्यांबद्दल आभार. मग प्रश्न. पिसं कुठवर पडली होती? रक्त होतं का? दाराजवळ माती उकरलेली होती का? मी लिहिलं, पीस नाही, रक्त नाही, काही नाही. त्यावर त्याने लिहिलं, "काकी, राग मानू नका. मुंगूस आत शिरलं तर पाच कोंबड्या सोडून एवढा मोठा कोंबडा उचलून नेणार नाही. त्याला तो पेलायचाही नाही. जागेवरच फाडेल, घाण करून जाईल. मला वाटतं तो माणसाने नेला."

मला एवढा संताप आला म्हणतेस! कोण कुठला हा, पुण्याहून येऊन तीन वर्षं झाली नाहीत आणि माझ्या आईच्या परसात चोर दाखवतोय. चार ओळी खरमरीत लिहिल्या, मग खोडल्या. कारण त्याचं बरोबर होतं. मुंगसाने मारलेल्या कोंबड्या मी नंतर किती पाहिल्यात, त्यांची पिसं आठवडाभर परसात उडत असतात. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दुसऱ्यांच्या पुस्तिकेत स्वल्पविरामाएवढी चूक मला दिसते.

शेवटी इब्रामपूरला गेले. भाऊ ओसरीवर बसून उंडा पाव चहात बुडवून खात होता. मी सरळ विचारलं, "तांबडो कोंबडो कोणी व्हेलो?" त्याचा उंडा चहातच राहिला. मग म्हणाला, "तुका खबर ना? अगो, तो राखणदाराक दिलो न्हय?" एवढं सहज म्हणाला, आये! जसं काही पोस्टमन येऊन गेला. मग त्याने सगळं सांगितलं. त्याला तो लांबलेला ताप आला होता तेव्हा तू रानाच्या तोंडावरच्या राखणदार देवाला तांबड्या कोंबड्याचा नवस बोलली होतीस. ताप उतरला, आणि तांबडा आपल्याकडे एकच होता. आणि राखणदाराला दिलेल्या जिवामागे घरातलं कोणी रडलं तर तो मान तिथे पोचत नाही, असं आपल्या घरात मानायचे. मी रडणार हे तुला माहीत होतं. म्हणून पहाटे तू त्याला काढून काकांकडे दिलास, दार उघडं ठेवलंस, आणि मला मुंगसाच्या नावाने रडायला लावलंस. मुंगसाच्या नावाने रडलेलं चालत होतं ना? मी शाळेत बसून हुंदके देत होते तेव्हा बाबा, काका आणि भाऊ रानाच्या तोंडाशी भात-रस्सा जेवत होते. तिथलं घरी काही आणायचं नसतं, तेव्हा वाससुद्धा आला नाही. तंगडी भावाने खाल्ली. "माका वाटलां, मोठी झाल्यार तुका सांगितलां आसतलां," म्हणाला बिचारा. त्याचा उंडा चहात विरघळून गेला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. माझं फुटायला पन्नास वर्षं लागली.

कोंबडा दिलास ह्याचं मला काही नाही. पोरगं तापाने फणफणलेलं असताना कुठली आई कोंबडा बोलली नसती? मला समोर बसवून सांगितलं असतंस, रडू नको, भावासाठी आहे, तर मी दात आवळून रडू गिळलं असतं. नसतं जमलं कदाचित. पण मला विचारून तरी बघायचंस. तू मला विचारलंच नाहीस, वर दोष माझ्या गळ्यात बांधलास.

आणि तोही मी सोडला असता, जर ती स्वयंपाकघरातली दुपार आली नसती. बारावी झाले होते. पणजीला नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं होतं, आपल्या वाड्यात कोणा मुलीचं लागलं नव्हतं. तू तव्यावर बांगडे भाजत होतीस. मी दारात उभी राहून म्हटलं, मी जात नाही. तू विचारलंस, "कित्याक गो?" मी म्हटलं, "माझ्या हातात कोणी जीव देऊ नये, तूच म्हणालीस." तुझा हात थांबला. मला तो थांबलेला दिसला, आये. तोंडावर काहीतरी आलं तुझ्या. मग तू बांगडा उलटलास आणि म्हणालीस, "तुका जां बरां दिसता तां कर." बस. भाऊ तेव्हा धडधाकट होता, फुटबॉल खेळत होता, राखणदाराचा मान कधीच पोचला होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्या एका वाक्याने मी आज कोण असते सांग? मी खाणीच्या ऑफिसात तीस वर्षं कागद सांभाळले. कागद मेला तर कोणी विचारत नाही, म्हणून मला ते बरं वाटायचं.

मुलगी झाली तेव्हा तू डिचोलीला तिला न्हाऊ घालायला आलीस. पायावर घेऊन तेल चोळायचीस, गाणी म्हणायचीस. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी. "घे गो हातात, तुझांच तां," म्हणायचीस आणि मी म्हणायचे, नको, पडेल. तू हसायचीस. शेजारणीला सांगितलंस, आमचं हे लहानपणापासूनच भित्रं. तेव्हा मला कळायला हवं होतं की तू विसरून गेलीस. तू केलेलं तुझ्या लक्षातच नव्हतं. मला ते सगळ्यात जास्त लागतं. मी ज्या वाक्याखाली आयुष्य काढलं, ते तू कळशीबरोबर खाली ठेवून आत निघून गेली होतीस.

केरीवाल्याला अजून उत्तर दिलेलं नाही. तो बिचारा रोज विचारतो, काकी, काही चुकलं का माझं? काय सांगू त्याला? माझ्या आईने मला फसवलं, तुझी साधी खिटी पुरेशी आहे?

तू गेल्यापासून पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू वाचून म्हणाली असतीस, एवढ्याशा कोंबड्यासाठी केवढं हे! आणि मला तुला खरं उत्तर द्यावं लागलं असतं. ते इथेच सांगते. त्या संध्याकाळी मी खिटी घातली होती. लाकूड पावसाने फुगलं होतं, दगडाने ठोकावी लागली होती, अंगठ्याला कुसळ गेलं होतं. सकाळी तू बोललीस तेव्हा ते कुसळ अजून बोटात ठसठसत होतं. मी अंगठा मुठीत लपवला आणि म्हटलं, हो आये, विसरले.