सरकत्या दाराचा बंदोबस्त

३ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. मागचं काचेचं सरकतं दार या पंधरवड्यात चोरप्रूफ करायचं. तेवीसला शिखरजीच्या डोंगरावर यात्रेला निघायचंय. बस बुक झाली, अरुणाची नेसरीची बहीण, माझी मेहुणी, तीही येतेय. अरुणाचे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणाले, यंदा चढलात तर चढलात. डोली नको म्हणते. पायी चढायचं, आणि आम्ही दोघांनी मिळून. तीन वर्षं माझ्यामुळं राहिलं असं तिचं म्हणणं. माझ्यामुळं न्हाय, घरामुळं! असो. यंदा शब्द दिलाय, दार झालं की निघालो.

राधानगरी धरणाची दारं तीस वर्षं सांभाळली मी. हे एक काचेचं दार म्हणजे किस झाड की पत्ती! अरुणा म्हणाली, ती दारं आपोआप उघडायची, तुम्ही नुसता वर फोन करायचा. बायकांना टेक्निकल कळत नाही.

६ नोव्हेंबर
रुळात आतून काठी आडवी टाकली. बाहेरून दार सरकेना. शेजारच्या गणपतरावांना दाखवलं. मग कट्ट्यावरच्या चौघांना आणून दाखवलं. सगळे म्हणाले, नादखुळा! अरुणा म्हणाली, आता चोराला तेवढं सांगायचं राहिलंय.

९ नोव्हेंबर
सकाळी उठून बघतो तर दारच जागेवर नाही! काठी रुळात जशीच्या तशी. चोर चोर म्हणून ओरडलो. गणपतराव टॉवेलवर धावत आले. अरुणा मागच्या नळावरून म्हणाली, बोंबलताय कशाला, रूळ धुवायला दार काढलंय. बाहेरून दोन हातांनी उचलायचं, खालून आपल्याकडं ओढायचं. दर दिवाळीला काढते म्हणे, यंदा राहिलं होतं.

अरे देवा. गुडघे गेलेली बाई काढते, तर चोराचं काय? आणि नऊ वर्षं मी या घरात घोरत होतो.

१२ नोव्हेंबर
वरच्या रुळात स्क्रू मारायचे, म्हणजे दार उचलता येणार नाही. फॅब्रिकेटर कृष्णातला फोन. आलोच की, म्हणाला. हे त्याचं चौथं आलोच की.

१५ नोव्हेंबर
कुणाच्या भरवशावर राहू नये. स्क्रू मीच बसवले. आता दार उचलत नाही. सरकतही नाही. सिक्युरिटी म्हणतात ती हीच. अरुणाला कपडे वाळत घालायला घराला वळसा घालून जावं लागतं. म्हटलं, बरं की, चढाची प्रॅक्टिस होईल. ती बादली उचलून वळशाला लागली.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी
जादा कुलपासाठी चौकटीत भोक पाडत होतो. ड्रिल किंचित घसरलं. टफन काच तडकत नाही, एकदम खाली येते. ज्वारी सांडावी तशी हॉलभर काच. अरुणा झाडू घेऊन आली. मीच म्हणालो, बघ किती कच्चा माल, वेळेवर कळलं हे नशीब. ती झाडतच राहिली.

२१ नोव्हेंबर
कृष्णात आला एकदाचा. चौकटीवर अखंड प्लायवूड ठोकलं. जाताना म्हणाला, एवढं आत हाय तरी काय वो? असल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

हॉलमध्ये दिवसा दिवा लावावा लागतो. पण पक्कं! काम फत्ते! अरुणानं माझी बॅग भरली. माझी लोकरीची टोपी आठवणीनं तिच्या पिशवीत ठेवली. फार दिवसांनी हसली. मलाही बरं वाटलं, खरंच.

२३ नोव्हेंबर, पहाटे
बस कोपऱ्यावर आली. पुढच्या दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं. कडी हलते. जरा म्हणजे अगदी जरा. अरुणाला म्हटलं, तू हो पुढं, कडी बदलतो आणि रेल्वेनं पाठोपाठ येतो. तिनं पिशवी खाली ठेवली. मग पिशवीतून टोपी काढून माझ्या हातात दिली आणि दांड्याला धरून एकेक पाय टाकत बसमध्ये चढली. रडत असावी. उगाच भावनाप्रधान.

२५ नोव्हेंबर
कडी बदलली. आता नवीन कडीपुढं दाराची फळी जुनी वाटते.

२८ नोव्हेंबर, दुपारी
अरुणाचा फोन, डोंगरावरून. पायी चढली! बहिणीनं हात धरला होता. आवाज ओळखू येईना इतकी खूश. मी लगेच सांगितलं, फळी झाली, आता फक्त माळ्याची खिडकी राहिलीय, तेवढी झाली की निघतोच. म्हणाली, काही ऐकू येत नाही, इथं नेटवर्क नाही. डोंगरावर असंच असतं.

फोन कट करायला मात्र विसरली. मागं बायका णमोकार मंत्र म्हणत होत्या, शब्द न् शब्द ऐकू येत होता. बहिणीनं विचारलं, भाऊजी काय म्हणाले? अरुणा म्हणाली, काही नाही, चल.