चार्जिंग केबल, नग एक

५ मार्च, संध्याकाळी
गाडी घरी आली. इलेक्ट्रिक. निळी. शोरूममधल्या बाई एकेक वस्तू काढून दाखवायला लागल्या, त्यांना नम्रपणे थांबवलं. म्हटलं, एकतीस वर्षं गोदामात माल उतरवून घेतलाय. नग मोजल्याशिवाय एका कागदावर सही केलेली नाही. त्या म्हणाल्या, मग इथे सही करा. केली. शोरूमचा फोटोवाला घाई करत होता. ही मात्र त्या बाईंच्या मागेमागे फिरून मान डोलवत होती. समजो न समजो, हिला मान डोलवायची सवयच आहे.

गाडी अर्थात मीच आणली. हिच्याकडे बावीस वर्षांपासून लायसन्स आहे, पण हात बसलेला नाही. मी कधी स्टिअरिंग दिलेलं नाही. तिच्याच काळजीपोटी.

६ मार्च
बॅटरी ३१ टक्के. चार्ज करायला खाली गेलो. पार्किंगमध्ये सॉकेट आहे. गाडीला सॉकेट आहे. मधली केबल नाही! इतकी महाग गाडी आणि केबल नाही. पुढच्या सीटखाली पाहिलं, मागच्या सीटखाली पाहिलं, समोरचा खण उपसला.

हिने विचारलं, डिकीच्या तळाशी काळी पिशवी आहे ती पाहिली का. तिला समजावलं की ती पंक्चरच्या सामानाची असते आणि गाडीच्या बाबतीत तिने डोकं शिणवू नये. बरं म्हणाली.

७ मार्च
संकल्प: केबल विकत घेणार नाही. कंपनी आणून देत नाही तोवर गाडी जागची हलणार नाही. शोरूमला फोनही करणार नाही. फोन म्हणजे विनंती, पत्र म्हणजे हक्क. पत्र लिहिलं, चार पानी. कुलूप किल्लीसकट मिळतं, शर्ट बटणांसकट मिळतो, मग गाडी केबलसकट का नाही? हा मुद्दा त्यांना खोडता येणार नाही.

एकच अडचण. मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला दर मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाला न्यायचं मी कबूल केलं होतं. गाडी घेताना हिच्यापुढे तेच कारण ठेवलं होतं. मेव्हणी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहते. आता न्यायला उशीर झाला तर गुडघा आखडेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. हिला सांगितलं की थोडे दिवस कळ काढ, प्रश्न तत्त्वाचा आहे. ही म्हणाली, मी बघते माझं. समजूतदार आहे.

१० मार्च, मंगळवार
ही दोनला गेली, पाचला परत. मेव्हणीचा व्यायाम झाला म्हणे. म्हणजे बस फारच सुधारल्या आहेत. पूर्वी नुसतं जायलाच दीड तास लागायचा. बसखात्याला अभिनंदनाचं पत्र टाकलं. त्या वेळात माझी झोपही छान झाली.

१४ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. बस, एवढंच. तीन ओळी! माझ्या चार पानांना तीन ओळी! आता सह्यांची मोहीम.

१५ मार्च
सात सह्या. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर वाद घालत बसले. ज्याच्या घरी भिंतीवर आधीच चार्जर आहे त्याला दुसरी केबल कशाला, तिचे पैसे त्याने का भरावेत, म्हणे. मी म्हटलं, नको असेल त्याने परत करावी, हवी असेल त्याने भीक का मागावी? मुद्दा मी जिंकला. निदान दार तरी लावून घेतलं.

ही म्हणाली, फोनसोबत हल्ली चार्जर येत नाही तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, फोनमध्ये बसून कुठे जाता येत नाही. यावर ती हसली. पटलं असावं.

१८ मार्च
सहज गाडीत जाऊन बसलो. बॅटरी ७८ टक्के! परवापर्यंत ३१ होती, असं मला पक्कं वाटतं. खूप विचार केला. निष्कर्ष: बॅटरीला पूर्ण विश्रांती मिळाली की ती आपोआप सावरते. मी गाडी न चालवल्याचा हा फायदा. हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. वॉचमनला समजावून सांगितलं, तो खाली मान घालून खोकत राहिला. त्याला औषध घ्यायला सांगितलं.

एक दोष सापडला. सीट आपोआप पुढे सरकते. गुडघे स्टिअरिंगला लागले. तक्रारीत घालायचं.

२० मार्च, शुक्रवार
दुपारी झोप लागेना म्हणून खाली गेलो, तर गाडी जागेवर नाही! चष्मा आणायला धावत वर आलो. ही घरात नव्हती, त्यामुळे चष्मा सापडायला दोन तास लागले. चष्मा लावून पुन्हा खाली गेलो, गाडी जागेवर. डोळे तपासून घ्यायला हवेत. बॉनेट गरम लागलं. ऊन फार आहे.

२६ मार्च
तक्रारीत भर:
आरसा आपोआप खाली कलतो.
रेडिओ आपोआप गाण्यांवर जातो. मी बातम्या लावून ठेवतो.
उभ्या गाडीचे किलोमीटर वाढतात. आणली तेव्हा १९, आज ४१२. निव्वळ फसवणूक.
पार्किंगचं वीजबिल वाढलंय. याचा गाडीशी संबंध नाही, वीजखात्याला वेगळं पत्र.

२९ मार्च
सह्या एकेचाळीस! सेक्रेटरी म्हणाले, कंपनीचा माणूसच बोलावून घेऊ, इमारतीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. येत्या रविवारी. आता कंपनीला पाणी पाजतो. हिला म्हटलं, पहिल्या रांगेत बस. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, बैठकीआधी एकदा डिकी बघा ना. हिचं मन भलतीकडेच असतं. भाषणाचा सराव आरशासमोर तीन वेळा केला.

५ एप्रिल, रात्री
लिहावंसं वाटत नाही. पण नोंद हवी.

हॉल भरलेला. मी बारा पानं वाचली. सीट, आरसा, किलोमीटर, विश्रांतीने भरणारी बॅटरी, सगळं. कंपनीच्या माणसाने सगळं लिहून घेतलं. मग लॅपटॉप उघडून म्हणाला की गाडी स्वतःची नोंद स्वतः ठेवते. महिन्याभरात नऊ वेळा चार्ज झालीय, याच इमारतीच्या सॉकेटवर. वॉचमनला पुन्हा खोकला आला.

मग त्याने गाडी ताब्यात देतानाचा कागद वाचला. किल्ल्या, नग दोन. पुस्तिका, नग एक. चार्जिंग केबल, नग एक, डिकीत काळ्या पिशवीत. खाली सही. माझी. शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं देण्याची माझी पद्धत गोदामात सगळ्यांना माहीत होती.

तेवढ्यात ही उठली. सीट आपोआप सरकत नाही, मी सरकवते, माझे पाय पोचत नाहीत, म्हणाली. पहिलं हसू इंजिनिअरांचं. नंतर मोजता आलं नाही.

घरी येऊन विचारलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, सहा तारखेला सांगितलं, गेल्या रविवारीही सांगितलं. मी बसने जाते असं मात्र कधीच म्हटलं नाही. रोजनिशी काढून पाहिली. दोन्ही वेळचं लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

रागवायचं ठरवलं होतं. कोणावर, ते ठरेना.

७ एप्रिल, मंगळवार
आज दुपारी झोपलो नाही. हिच्या शेजारच्या सीटवर बसलो. पहिल्या वळणाला पायाने ब्रेक दाबायला गेलो, माझ्या बाजूला ब्रेक नाही. दुसऱ्या वळणापासून दाबला नाही. हात छान बसलाय तिचा. माझ्यापेक्षा सफाईदार. रेडिओवर गाणी होती. बातम्या लाव म्हणालो नाही.

मेव्हणी फाटकापर्यंत काठीशिवाय चालत आली. मला बघून म्हणाली, अरे वा, भाऊजी आले! ऑपरेशननंतर मी आज पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो होतो. महिनाभर मी तिच्या गुडघ्यापेक्षा केबलची काळजी जास्त केली, याची फार लाज वाटली. तिने काही विचारलं नाही. हिने काही सांगितलं नसावं. किंवा सगळंच सांगितलं असावं.

परत आल्यावर गाडी चार्जिंगला लावायचं काम मी मागून घेतलं. केबल उलटी धरली होती. वॉचमनने सुलटी करून दिली, खोकला नाही.

डिकीतली काळी पिशवी उघडून पाहिली.
चार्जिंग केबल, नग एक. मिळाली.
पंक्चरचं सामान, नग शून्य.
मोजून, वाचून, मग सही केली.